गोरोबाकाकांचे थापटणे

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला आमच्या घरी दोन दिवे लागतात. एक देवापाशी, धन्वंतरीच्या नावाचा. दुसरा कणकेचा, उंबऱ्याबाहेर, दक्षिणेकडे ज्योत करून ठेवलेला, तो यमराजाचा. रोग बरे करणाऱ्या देवाची जयंती आणि प्राण नेणाऱ्या देवाची आठवण एकाच संध्याकाळी करावी, या योजनेचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. पुढे वय वाढले तसे ध्यानात आले, की या दोन दिव्यांच्या मध्ये एक माणूस उभा असतो. विद्या तो धन्वंतरीची शिकलेला असतो, पण त्याचे काम सुरू होते ते यमाचे काम संपल्यावर. मेलेल्याला तो उठवू शकत नाही. तो कशाने मेला, एवढेच सांगू शकतो. आपण त्याला 'पोस्टमार्टेमचा डॉक्टर' म्हणतो आणि त्याचे नाव निघाले की विषय बदलतो.

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कुठे काढला, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांची क्षमा मागतो. पण यमाचा दिवा आपण दिवाळीतच लावतो ना? मग त्या दिव्याच्या उजेडात घटकाभर बसायला हरकत नसावी.

आमचे तेर म्हणजे तेरणेच्या काठचे जुने गाव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींनी ज्या 'तगर' नगरीची नोंद केली ती हीच, असे पंडित सांगतात. परंतु महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. त्यांच्या घरी संतमेळा जमला, तेव्हाची कथा घरोघरी सांगतात. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे ठरले. काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे शांत राहिले. नामदेव तेवढे चिडले. हे मडके कच्चे, असा काकांनी निवाडा दिला. नामदेव रागावले, रडले, पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणे केले, आणि अखेर गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे गेले. कथेचा हा शेवट आपण सांगायला विसरतो. काकांनी कच्चे मडके फोडून टाकले नाही. ते पुन्हा भट्टीकडे धाडले.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिचा खरा अर्थ मात्र मला एका विहिरीच्या काठावर कळला.

२०१४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या पंचक्रोशीतील एका वाडीवर विहिरीत एका तरुण सुनेचे प्रेत सापडले. गावचा मास्तर म्हणून पंच व्हायला मला बोलावले. जाऊन पाहतो तो माझीच जुनी विद्यार्थिनी. लग्नाला चार वर्षे झाली होती. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन केलेच पाहिजे, असा कायदा १९८३ सालीच झालेला आहे. त्यामुळे प्रेत रुग्णालयात गेले. मीही पाठोपाठ गेलो. तिथला डॉक्टर जेमतेम पंचविशीचा, नुकताच पदवी घेऊन आलेला. मुलीचा बाप बाहेर निंबाखाली बसला होता. मला पाहून तो उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "गुरुजी, माझी लेक पाण्यात पडली तवा जित्ती होती का न्हाय, एवढंच सांगा मला."

वाचकहो, न्यायवैद्यकाच्या मोठमोठ्या ग्रंथांतून बुडालेल्या प्रेताविषयी जो पहिला प्रश्न विचारलेला असतो, तो त्या अक्षरशत्रू माणसाने एका वाक्यात विचारला होता. आणि संध्याकाळी हाती आलेल्या कागदावर लिहिले होते: 'मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे.'

'राखून ठेवले' या दोन शब्दांनी वाडीवर रान पेटले. कोणी म्हणाले, डॉक्टरला पैसे पोचले. कोणी म्हणाले, पोराला काही कळतच नाही. मी घरी आलो आणि रात्रभर विचार करीत राहिलो. ज्याला काही समजलेले नाही तो मत राखून ठेवतो. आणि ज्याला पुष्कळ समजलेले आहे, तोही पुराव्यावाचून बोलू नये म्हणून मत राखून ठेवतो. कागदावर दोघांचे अक्षर सारखेच दिसते. मग कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते, हे ठरवायचे कोणी? कोणते थापटणे मारून?

तेव्हापासून मी या विषयाचे जमेल तसे वाचन करू लागलो. मॅट्रिकपर्यंतच मजल गेलेल्या माणसाचे ते वाचन. त्यात पांडित्य नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. हा प्रश्न आजचा नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. आशुमृतक म्हणजे एकाएकी मेलेला. असे प्रेत तेल लावून ठेवावे आणि मग तपासावे, असे तो सांगतो. गळा दाबला तर कोणत्या खुणा दिसतात, बुडवून मारले तर कोणत्या, विषाने कोणत्या, याची तो यादी देतो. आधी मारून मग फास लावला असण्याची शंकाही त्याला सुचते. वैऱ्यांची, वारसांची, घरच्या माणसांची चौकशी करायलाही तो विसरत नाही. मात्र हे तपासणाऱ्याने शिकावे कसे, ते त्या अध्यायात नाही. ते सापडते सुश्रुताकडे. सुश्रुताने शिष्यांच्या सरावाला 'योग्या' असा सुंदर शब्द योजला आहे. कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा. मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ यांवर शिरा वेधण्याचा सराव करावा. शरीराची रचना शिकायची तर प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून, कुंचल्याने एकेक थर घासून डोळ्यांनी पाहावे. पुष्कळ ग्रंथ वाचलेला पण योग्या न केलेला शिष्य कामाला अयोग्य, असा त्याचा रोकडा निर्वाळा आहे. 'योग्य' आणि 'योग्या' ही दोन पदे त्याने शेजारी बसवली, यातच सारे आले.

पुढे शतकेच्या शतके गेली आणि प्रेताला हात लावणे विटाळाचे होऊन बसले. ही विद्या पुन्हा सुरू झाली ती इंग्रजी अमदानीत. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी. १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांतील कॉरोनरच्या कामाची घडी बसली. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी मुंबईत १९९९ सालापर्यंत होता. कॉरोनर शहरापुरता, खेड्यापाड्यांत पोलीस आणि पंच. आमचा जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडे हैदराबादेत १८४६ साली वैद्यकशाळा निघाली होती खरी, पण तेरणाकाठच्या माणसाला हैदराबाद दूर आणि मुंबई त्याहून दूर.

१८९८ सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिले होते, की असे प्रेत जवळच्या सिव्हिल सर्जनकडे किंवा सरकारने नेमलेल्या अन्य 'पात्र' वैद्याकडे पाठवावे. १९७३ साली नवी संहिता आली. त्यात ही तरतूद जवळजवळ तशीच उतरली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातही ती आहे. सव्वाशे वर्षे कायदा 'पात्र वैद्य' म्हणतो आहे. पात्र म्हणजे लायक. आणि आपल्या मराठीत पात्र म्हणजे भांडेही. हे पात्र भाजलेले असावे की कच्चे चालेल, यावर मात्र ते कलम बोलत नाही.

पात्र कच्चे निघाले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. जुन्या वाचकांना ते नावानिशी आठवत असेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला. त्याच महिन्याच्या १२ तारखेला रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत लक्ष्मीबाई कर्वे नावाची एक सधन विधवा बसली. सोबत तिचा डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. पहाटे गाडी बोरीबंदरला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होती. लागूने तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि तिचे नाव भलतेच सांगितले. दुपार व्हायच्या आत ती वारली. मधुमेहाने आलेली बेशुद्धी, असे निदान कागदावर चढले. फेरीवर आलेल्या मानद वैद्यांना ते पटले नव्हते. रोगी दगावला तर शवविच्छेदन करावे, असे त्यांनी सांगूनही ठेवले होते. पण बाई वारल्यावर ते सांगणे बाजूला पडले आणि निदान तेवढे कायम राहिले.

प्रेताला वारस कोणी आला नाही. म्हणून ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तिथे एका शिपायाच्या नजरेला मानेवरची खूण पडली. त्याने ती वरिष्ठांच्या कानी घातली, कॉरोनरला कळवले गेले, आणि मृत्यूनंतर सुमारे दहा दिवसांनी शवविच्छेदन झाले. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. इकडे पुण्यात नातलगांना बाईच्या नावाची पत्रे येत राहिली. आपण यात्रेला गेलो, दूर राजस्थानात पुन्हा संसार थाटला, असा त्यांत मजकूर. आणि तिचा पैसाअडका एकेक करून डॉक्टरच्या हाती जात होता.

१९५८ साली लागूला अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी निकाल लागला. विष सापडले नसले तरी आजूबाजूच्या परिस्थितीवरून आणि आरोपीच्या वागणुकीवरून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, असे न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताच्या निकालात म्हटले आणि फाशीची शिक्षा कायम राहिली. तिसरे न्यायमूर्ती, न्या. सरकार यांना ते पटले नाही. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे मत पडले.

या निकालाची चर्चा वकील मंडळी अजून करतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट सलते. मारणारा आपल्या विद्येत पक्का होता. मृत्यूचे कारण लिहिणारी व्यवस्था मात्र कच्ची होती. एका वैद्याची शंका कागदावर होती, ती पुढे नेणारा नेम कोणी घालून दिलेला नव्हता. शवविच्छेदन पहिल्या दिवशी झाले असते तर विष सापडलेच असते असे कोणी सांगू शकणार नाही. पण दहा दिवसांचा तो अवधी कोणालाच भरून काढता आला नाही. वैद्यकाने जे सांगायचे ते सांगितले नाही, म्हणून न्यायाधीशांना माणसाच्या वागणुकीतून ते वाचावे लागले. तिघांतल्या एकाला ते वाचता आले नाही, यात नवल काय? आणि ज्या शिपायाने ती खूण पाहिली, त्याला ती पाहायला कोणी शिकवले होते?

योगायोग असा, की त्याच १९५९ साली अमेरिकेत न्यायवैद्यक विकृतिशास्त्राची स्वतंत्र प्रमाणपत्र-परीक्षा सुरू झाली. तिथला इतिहास वाचताना एका बाईची ओळख झाली, ती घरातल्या मुलांना जरूर सांगावी. तिचे नाव फ्रान्सिस ग्लेसनर ली. गडगंज श्रीमंताची ही लेक; विद्यापीठाचे शिक्षण मात्र तिच्या नशिबी आले नाही. उतारवयात तिने हार्वर्ड विद्यापीठात १९३१ साली न्यायवैद्यकाचा विभाग उभा करायला पैसा दिला. एवढ्यावर ती थांबली नाही. १९४० नंतरच्या दशकात तिने बाहुल्यांची घरे बनवली. एका फुटाला एक इंच या मापाची. आपली मुले दिवाळीत किल्ला करतात ना, मावळे मांडतात, हळीव पेरतात, तसेच हे काम. फरक एवढाच, की त्या प्रत्येक घरात एक बाहुली मरून पडलेली असे. बाहुल्यांचे मोजे ती टाचण्यांनी विणी. भिंतीवरची दिनदर्शिका, चुलीवरचे भांडे, दाराची कडी, सारे जागच्या जागी. १९४५ पासून पोलीस अधिकाऱ्यांना तिथे बसवून शिकवू लागले: घाईने मत देऊ नका, आधी डावीकडून उजवीकडे सारे पाहून घ्या. सुश्रुताचा कोहळा आणि या बाईची बाहुली यांचे गोत्र एकच. दोन्ही 'योग्या'.

आज तिकडे या विद्येचा मार्ग असा आहे. डॉक्टर झाल्यावर तीन-चार वर्षे विकृतिशास्त्र शिकायचे, त्यावर आणखी एक वर्ष न्यायवैद्यकाची फेलोशिप करायची. ते वर्ष कोणाही शवागारात काढून चालत नाही. त्या जागेची आधी तपासणी होते. शिकवणारे किती, प्रकरणे किती तऱ्हेची, प्रयोगशाळा हाताशी आहे की नाही, विद्यार्थी घटनास्थळी जातो का, कोर्टात साक्ष द्यायला शिकतो का, हे सारे पाहिले जाते. म्हणजे थापटणे शिष्याच्या डोक्यावर बसते, तसे गुरूच्या घरावरही बसते. आणखी एक नेम मला फार शहाणपणाचा वाटला. एका डॉक्टरने वर्षाकाठी २५० हून अधिक शवविच्छेदने करू नयेत, अशी तिथल्या वैद्यकीय परीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे; ३२५ चा आकडा ओलांडला तर त्या कचेरीचा तो गंभीर दोष मानतात. भट्टीत मडकी दाटून भरली तर ती नीट भाजत नाहीत, हे कुंभाराला कोणी सांगावे लागत नाही. वैद्यकाला ते लिहून ठेवावे लागले.

आपल्याकडेही काही झाले नाही असे नाही. न्यायवैद्यकाची एम. डी. ही तीन वर्षांची पदवी आहे. २०१९ सालच्या नव्या अभ्यासक्रमाने साध्या पदवीच्या विद्यार्थ्यानेही देखरेखीखाली किंवा अनुरूप परिस्थितीत किमान १५ शवविच्छेदनांचे अहवाल तयार करावेत, असे घालून दिले. नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे म्हटले आहे, आणि त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. मराठवाड्याचे पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला निघाले. पुढे अंबाजोगाईला आले, २००२ साली लातूरला आले, आणि २०२२ साली धाराशिवलाही आले. विद्या हळूहळू तेरणेच्या काठापर्यंत येऊन पोचली म्हणायची.

तरीही खेड्यातली बहुतेक शवविच्छेदने साधी पदवी घेतलेला डॉक्टर करतो. सकाळी तोच खोकल्याचे औषध देतो, दुपारी तोच बाळंतपण करतो, आणि मध्येच त्याला शवागारात बोलावतात. पुष्कळ ठिकाणी सुरी चालवणारा हात त्याचा नसतो, शवागारातील कर्मचाऱ्याचा असतो. डॉक्टर दाराशी उभा राहून लिहितो. मी त्याला दोष देत नाही. ज्याला भट्टीत घातलेच नाही, त्या मडक्यातून पाणी गळले तर दोष मडक्याचा कसा?

शिक्षक म्हणून मला एवढे कळते, की परीक्षा दोन प्रकारच्या असतात. एक नापास करण्यासाठी घेतात, दुसरी कुठे शिकवायचे राहिले ते शोधण्यासाठी. गोरोबाकाकांची परीक्षा दुसऱ्या प्रकारची होती. या विद्येचे माप ठरवायचे तर ते पुस्तकांच्या पानांवर ठरू नये. गुरूच्या नजरेखाली स्वतःच्या हाताने किती काम केले, यावर ठरावे. 'मला सांगता येत नाही' हे वाक्य कारणासह लिहिण्याची हिंमत त्याच्या अंगी आली का, यावर ठरावे. आणि नोकरीत लागल्यावर अडल्यावेळी विचारायला त्याच्या पाठीशी कोणी आहे का, हेही त्या मापात धरावे.

हे मी कशावरून म्हणतो? त्या पंचविशीच्या डॉक्टरवरूनच. काही आठवड्यांनी मी त्याला भेटायला गेलो. वाडीवरचे बोलणे त्याच्या कानी गेले होते. तो म्हणाला, "गुरुजी, फुफ्फुसे पाहून मला बुडाल्यासारखे वाटत होते. पण प्रेत दोन दिवस पाण्यात होते. खुणा फसवू शकतात. मी कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, खात्री नसेल तर लिहू नकोस. छातीचे हाड आणि विहिरीचे पाणी, दोन्ही प्रयोगशाळेकडे पाठव." पाण्यात डायटम नावाचे डोळ्यांना न दिसणारे शेवाळ असते. माणूस जिवंतपणी पाण्यात श्वास घेतो, तेव्हा ते फुफ्फुसांतून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर हाडाच्या गाभ्यापर्यंत जाते. हृदय आधीच थांबलेले असेल तर तिथवर त्याला नेणार कोण?

अहवाल यायला कित्येक महिने लागले. हाडाच्या गाभ्यात शेवाळ सापडले होते, आणि ते विहिरीच्या पाण्यातल्याशी जुळत होते. डॉक्टरने मग आपले मत लिहिले: पाण्यात बुडून मृत्यू. ती पडली, तिने उडी घेतली की तिला कोणी ढकलले, हे त्याने लिहिले नाही. ते सुरीला आणि सूक्ष्मदर्शकाला सांगता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्या प्रश्नाचे उत्तर विहिरीच्या काठावर आणि त्या घराच्या चार भिंतींत शोधायचे होते. ते शोधणाऱ्यांनी किती शोधले, हा वेगळा विषय आहे. आणि त्यात पंच म्हणून सही करणारा मीही आलोच.

मुलीच्या बापाला मी तो कागद वाचून दाखवला. म्हणालो, "पाण्यात पडली तेव्हा ती जिवंत होती."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी तिनं हाका मारल्या असतील, गुरुजी."

यावर मी काय बोलणार? पण एक सांगतो. जाताना त्याने तो कागद घडी करून मुंडाशात खोवला. सहा महिने लोक त्याला वाटेल ते सांगत होते. आता त्याच्याजवळ एक गोष्ट अशी होती, जी कोणाला बदलता येणार नव्हती. तो तरुण डॉक्टर पुढे याच विषयाचे तीन वर्षांचे शिक्षण घ्यायला गेला, असे ऐकतो.

यंदा धनत्रयोदशीला दक्षिणेकडे दिवा ठेवाल, तेव्हा या माणसांचीही आठवण असू द्या. आणि कधी तेरला आलात तर गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाऊन या. आमचे घर वाटेवरच आहे. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.